रविवार मिळवून देणारे नारायणराव

वरवंडला पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की रविवार लगेच ओळखू येतो. एरवी सकाळी कुरकुंभच्या एमआयडीसीकडे, पुण्याकडे जाणाऱ्यांची डबे हातात घेऊन गाडीसाठी धावपळ चाललेली असते. रविवारी ती गर्दी ओसरते. घरात मात्र उलटं चित्र. मुलांना सुट्टी, मोठ्यांना सुट्टी, म्हणून सकाळी पोहे, दुपारी साग्रसंगीत जेवण, मधेच आलागेला पाहुणा आणि आठवडाभराचा कपड्यांचा ढीग. सगळ्यांचा रविवार म्हणजे बाईला दुप्पट काम, अशी कुरकुर आपण सगळ्याच करतो. हसत हसत करतो, पण करतो.

मैत्रिणींनो, हा रविवार आपल्याला आयता मिळालेला नाही बरं का. कारखान्यात राबणाऱ्या माणसाला आठवड्यात एक दिवस विसावा मिळावा म्हणून सहा वर्षं झगडावं लागलं. आणि ज्या सभेनंतर तो मिळाला, त्या सभेत दोन बायका हजारो माणसांसमोर उभ्या राहून बोलल्या होत्या. ही गोष्ट १८९० सालची. सभा भरवणारा माणूस आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या घराण्यातला. त्यांचं नाव नारायण मेघाजी लोखंडे.

नारायणरावांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. घराण्याचं मूळ गाव खेड तालुक्यातलं कन्हेरसर, तेच यमाईचं. घरची गरिबी. फुलमाळ्याच्या घरात जन्मलेल्या मुलानं त्या काळात इंग्रजी शिकून मॅट्रिकपर्यंत जाणं ही साधी गोष्ट नव्हती. शिकला तसा मुलगा नोकरीला लागला. आधी रेल्वेत, मग पोस्टात. दोन्ही खाती तेव्हा नवीन, सरकारी, महिन्याच्या महिन्याला पगार देणारी. अशी नोकरी लागली म्हणजे घरच्यांनी देवापुढे साखर ठेवावी!

पोस्टातली नोकरी म्हणजे दुसऱ्यांच्या सुखदुःखाची ने-आण. मुंबईत पोट भरायला आलेला माणूस आणि गावाकडं वाट बघणारी त्याची माणसं, यांच्यामधे तेव्हा एकच दुवा होता, टपालाचा. लिहितावाचता येणारे थोडे, त्यामुळे पत्र लिहायलाही दुसरा आणि वाचायलाही दुसरा. नारायणराव या खात्यात आयुष्यभर राहिले असते तर चांगल्या हुद्द्यावर जाऊन पेन्शनीत निघाले असते. पण ते तिथून निघाले आणि मुंबईत मांडवीच्या एका कापडगिरणीत स्टोअरकीपर झाले. गिरणीच्या मालसामानाचा हिशेब ठेवायचा, ही त्यांची नोकरी. इथं त्यांनी जे पाहिलं, त्यानं त्यांचं आयुष्य बदललं.

काय पाहिलं असेल त्यांनी? मुंबईत पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढच्या पंचवीस वर्षांत परळ, भायखळा, गिरगावच्या पलीकडं धुरांड्यांचं रानच उभं राहिलं. गिरण्यांत विजेचे दिवे आले नव्हते, म्हणून उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणजे कामही तेवढंच मोठं, तेरा-चौदा तासांचं. जेवायला ठरलेली सुट्टी नाही. पगार कधी होईल याचा भरवसा नाही. आठवड्याची सुट्टी नाहीच. सणावाराचे मोजके दिवस काय ते मिळायचे. गिरणी बंद असली तरी यंत्रं पुसायला, साफ करायला बोलावणं यायचंच.

कामगार यायचे ते कोकणातून, साताऱ्याकडून आणि आपल्या या भागातूनही. आपल्या भागाची तेव्हाची अवस्था आठवा. वरवंडपासून जवळच असलेल्या सुप्याला मे १८७५ मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरात शिरून कर्जाचे कागद जाळले. तो उठाव मग पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत पसरला. त्याच्या पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आला. जमीन सावकाराकडं, विहीर कोरडी. आगगाडी मात्र दारात आलेली. मग माणसं गाडीत बसून मुंबईला जाणार नाहीत तर काय करतील?

या माणसांत बायकाही होत्या. गिरणीत पाचांत एक तरी बाई असायची. सुताच्या लडी करणं, सूत गुंडाळणं ही कामं त्यांच्याकडं. मजुरी किती काम केलं त्यावर, आणि पुरुषापेक्षा कमीच. पहाटे उठून भाकरी थापायची, मूल काखेला मारायचं आणि भोंगा व्हायच्या आत गिरणीचं दार गाठायचं. मूल रडू नये म्हणून त्याला अफूची बाळागोळी चाटवायची, असला जीवघेणा प्रकार गिरणगावात पुढंही कितीतरी वर्षं चालू होता. आई निर्दय होती म्हणून नव्हे. मूल सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं आणि खाडा झाला तर मजुरी बुडायची, म्हणून.

नारायणराव गिरणीत पगारदार होते. धुळीत, कापसाच्या तुसात राबणाऱ्यांपेक्षा त्यांचं बरं चाललं होतं. गप्प राहिले असते तर कुणी विचारलं नसतं. पण त्यांना गप्प बसू न देणारा एक विचार आधीच भेटला होता. पुण्यात १८७३ मध्ये महात्मा जोतिराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला होता. नारायणराव या समाजाच्या मुंबईतल्या कामात पडले आणि जोतिरावांचे विश्वासू सहकारी झाले. माणूस जन्मानं उच्च-नीच नसतो, बाई आणि पुरुष दोघांचे हक्क सारखे, हे जोतिरावांचं सांगणं त्यांनी गिरणीच्या दारापर्यंत नेलं.

त्यासाठी हातात काहीतरी साधन हवं होतं. ते मिळालं ‘दीनबंधू’ या वर्तमानपत्राच्या रूपानं. कृष्णराव भालेकरांनी हे पत्र १८७७ मध्ये पुण्यात काढलं होतं. शेतकऱ्याचं, कष्टकऱ्याचं दुःख मांडणारं पत्र, पण पैशाअभावी ते चालेना. १८८० मध्ये नारायणरावांनी ते मुंबईत आणून पुन्हा सुरू केलं. मुंबईतल्या सत्यशोधक मंडळींनी, त्यातही तेलुगू कंत्राटदारांनी या कामाला पदरचे पैसे घातले. नारायणरावांनी नोकरी सोडली आणि संसाराचा भरवसा एका लहानशा छापखान्यावर टाकला. घरात बाईमाणसाला काय वाटलं असेल, हे आपण समजू शकतो. सरकारी नोकरी गेली, गिरणीची गेली, आणि आता नवरा पेपर काढतोय!

योगायोग असा की त्याच १८८० साली पोस्टानं मनीऑर्डर सुरू केली. गिरणीत मजुरी मिळाली की चार-पाच रुपये गावी धाडायची सोय झाली. ज्या खात्यात नारायणरावांनी दिवस काढले, त्याच खात्याच्या खिडकीवर आता त्यांचे कामगार रांगेत उभे राहू लागले. पण धाडायला आधी मजुरी तर हातात पडायला हवी ना!

सरकारनं १८८१ मध्ये कारखान्यांचा पहिला कायदा केला. कायदा फारच तोकडा. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यालाच लागू. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, एवढंच त्याचं सार. म्हणजे सात वर्षांचं पोर नऊ तास राबलं तर कायद्याला चालत होतं! बायकांबद्दल त्या कायद्यात अक्षर नव्हतं. मोठ्या पुरुषांबद्दलही नव्हतं.

मुंबई सरकारनं १८८४ मध्ये चौकशीसाठी एक कमिशन नेमलं. कमिशनपुढं मालक बोलणार, साहेब बोलणार, डॉक्टर बोलणार. ज्याच्या जिवावर गिरणी चालते तो कामगार कुठं बोलणार? नारायणरावांनी ठरवलं की तोही बोलेल. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. तिथं मागण्या ठरल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांनी अर्जावर सह्या, अंगठे दिले.

मागण्या ऐका, म्हणजे काय परिस्थिती होती ते कळेल. दर रविवारी सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास जेवायला मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्य मावळताना संपावं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. यंत्रात सापडून कुणाला इजा झाली तर तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटाची सोय व्हावी. बस, एवढंच. यातली एक तरी मागणी अवाजवी वाटते का?

तरीही ती सहा वर्षं मान्य झाली नाही. मालकांचा विरोध तर होताच. पण चांगली शिकलेली, देशाचा कळवळा असलेली मंडळीही विरोधात होती. त्यांचं म्हणणं, इंग्लंडमधल्या गिरणीवाल्यांना इथल्या गिरण्यांची भरभराट बघवत नाही, म्हणून ते हा कायद्याचा बडगा आणतात. यात तथ्य नव्हतं असं नाही. मँचेस्टरच्या मालकांनी हिंदुस्थानातल्या कारखान्यांवर निर्बंध आणा म्हणून सरकारकडं लकडा लावलाच होता. पण देशी उद्योग टिकावा म्हणून देशी बाईनं तान्ह्या लेकराला घरी टाकून अंधार पडेपर्यंत राबायचं, हा कुठला न्याय? ‘दीनबंधू’ हा प्रश्न विचारत राहिला. कामगारांची बाजू सातत्यानं मांडणारं पत्र म्हणून आजही त्याचं नाव घेतलं जातं.

या सगळ्या खटपटीतून जी संघटना उभी राहिली तिचं नाव बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन. हिंदुस्थानातली पहिली कामगार संघटना म्हणून तिचा मान. नारायणराव तिचे अध्यक्ष. खरं सांगायचं तर आजच्या युनियनसारखं तिचं काही नव्हतं. वर्गणी नाही, सभासदांची यादी नाही, गाठीला फंड नाही. होता तो एक माणूस, त्याचं वर्तमानपत्र आणि त्याच्यावर विश्वास टाकणारे हजारो लोक.

आणि मग २४ एप्रिल १८९० चा दिवस उजाडला. मुंबईत महालक्ष्मीला घोड्यांच्या शर्यतीचं मैदान आहे ना, तिथं नारायणरावांनी सभा बोलावली. दहा हजार कामगार जमले. एप्रिलचं ऊन, उघडं मैदान, आणि त्या गर्दीत लुगड्याचा पदर कमरेला खोचून आलेल्या कामगार बायका. त्यातल्या दोघी बोलायला उभ्या राहिल्या.

जरा डोळ्यांपुढं आणा. तो काळ असा की चांगल्या घरातली बाई परक्या पुरुषासमोर यायची नाही. सावित्रीबाई शाळेत शिकवायला निघाल्या तर लोकांनी त्यांच्या अंगावर शेण टाकलं, त्याला तेव्हा पुरती पन्नास वर्षंही झाली नव्हती. अशा काळात गिरणीत सूत गुंडाळणाऱ्या दोन बायका हजारो पुरुषांसमोर उभ्या राहतात आणि आम्हालाही आठवड्याला एक दिवस हवा, असं सांगतात! आज ग्रामसभेत आपण सरपंचासमोर उभं राहायचं म्हटलं तरी घशाला कोरड पडते. त्या दोघींची नावं आज कुणाच्या ओठांवर नाहीत. पण त्यांना व्यासपीठ देणारा माणूस जोतिरावांच्या तालमीतला होता, म्हणूनच त्या बोलू शकल्या, हे विसरता येत नाही.

सभेनं रविवारच्या सुट्टीचा अर्ज मालकांच्या संघाकडं धाडला. या वेळी मालकांना मान तुकवावी लागली. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघानं रविवारची सुट्टी मान्य केली. साहेबाच्या कचेरीला रविवारी कुलूप असायचंच. आता तो दिवस गिरणीत घाम गाळणाऱ्यालाही मिळाला. रविवार हा आपल्या जेजुरीच्या खंडोबाचा वार, म्हणून नारायणरावांनी तोच मागितला, असंही सांगितलं जातं. ज्यांच्या घरी तळी भरली जाते त्यांना हे पटायला वेळ लागायचा नाही.

त्याच वर्षी सरकारनं आणखी एक कमिशन नेमलं आणि त्यात मुंबईच्या कामासाठी खुद्द नारायणरावांनाच घेतलं. त्यानंतर आला १८९१ चा कायदा. या कायद्यात पहिल्यांदा बाईचा विचार झाला. बायकांकडून दिवसाला अकरा तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही आणि मधे दीड तासाची विश्रांती द्यायची, असं ठरलं. मुलांचं कामाचं वय सातावरून नवावर गेलं आणि त्यांचे तास सातावर आले. आठवड्याची सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास कायद्यात बसला. आज अकरा तास ऐकून आपल्याला धस्स होतं. पण त्याआधी मोजमापच नव्हतं, ते आलं.

नारायणरावांचं काम गिरणीपुरतं नव्हतं. त्याच १८९० साली मुंबईत नाभिक बांधवांची सभा झाली आणि विधवांच्या केशवपनाला आम्ही हात लावणार नाही, असं त्यांनी ठरवलं. या सभेमागंही नारायणराव होते. विचार करा, नवरा गेला म्हणून कोवळ्या पोरीचं डोकं भादरायचं, ही रूढी मोडायला मोठमोठे विद्वान वर्षानुवर्षं लेख लिहीत होते. इथं ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. पोटावर पाय येणार हे माहीत असून ठेवला. कष्टकऱ्याच्या शहाणपणावर नारायणरावांचा विश्वास होता तो असा.

ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल उसळली. गिरणगाव पेटलं. एकाच साच्यावर काम करणारी माणसं एकमेकांच्या जिवावर उठली. तेव्हा नारायणरावांनी भायखळ्याच्या राणीच्या बागेत दोन्ही धर्मांच्या लोकांना एकत्र आणून सलोख्याचा मेळावा घेतला. सरकारनं पुढं त्यांना रावबहादूर केलं, जस्टिस ऑफ द पीस केलं. पदव्या आल्या, पण राहणं आणि वावरणं कामगारांतच राहिलं.

त्याच वर्षी सासवडला सत्यशोधक समाजाची परिषद भरली, तिच्या अध्यक्ष सावित्रीबाई होत्या. जोतिराव १८९० च्या नोव्हेंबरमध्ये गेले होते. त्यांच्यामागं पुण्याकडं सावित्रीबाई आणि मुंबईत नारायणराव, असे दोघे आपापल्या जागी काम ओढत होते. दोघांचा शेवटही एकाच कारणानं व्हावा, हे मोठं दुर्दैव.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. पहिले रोगी सापडले ते मांडवीत, जिथं नारायणरावांनी एकेकाळी गिरणीची नोकरी केली होती. दाट वस्ती, गोदामं, उंदीर. माणसं पटापट मरू लागली. ज्याला शक्य होतं तो मुंबई सोडून पळाला. आगगाड्या भरून माणसं गावाकडं निघाली. नारायणरावही जाऊ शकत होते. ते राहिले. सरकारी इस्पितळाच्या नावानं लोक थरथर कापायचे, म्हणून त्यांनी खटपट करून मराठा हॉस्पिटल सुरू केलं. आपल्या माणसांनी, आपल्या भाषेत बोलून केलेली शुश्रूषा रोग्यांना मिळावी, हा हेतू. रोग्यांमधे वावरता वावरता त्यांनाच प्लेगनं गाठलं आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. वय जेमतेम अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाईही गेल्या.

त्यांच्यामागं कामाचं काय झालं? मिल हँड्स असोसिएशन त्यांच्याबरोबरच विरली. एका माणसाच्या जिवावर उभं राहिलेलं काम त्याच्यानंतर टिकणं अवघडच असतं. पण पेरलेलं वाया गेलं नाही. ते ज्या खात्यातून निघाले होते त्या पोस्टातल्या नोकरदारांनी १९०७ मध्ये मुंबईत आपली संघटना काढली. १९२० मध्ये साऱ्या देशाच्या कामगार संघटना मुंबईत एकत्र आल्या आणि आयटक जन्माला आली.

आणि ‘दीनबंधू’? ही गोष्ट तर आपण बायकांनी लक्षात ठेवावी अशी. नारायणरावांनंतर ते वासुदेवराव बिर्जे यांनी चालवलं. बडोद्याची चांगली नोकरी सोडून त्यांनी हा भार उचलला. पुढं तेही प्लेगनं गेले. पेपर आता बंद पडणार असं वाटत असताना त्यांच्या पत्नी तानूबाई बिर्जे संपादकाच्या खुर्चीत बसल्या. जोतिरावांच्या शाळेत शिकलेली ही बाई. पाठीशी पुरुष नाही, गाठीला पैसा नाही, तरी त्यांनी काही वर्षं हे पत्र नेटानं चालवलं. आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री-संपादकांत त्यांचं नाव घेतलं जातं. नारायणरावांनी ज्या पत्रासाठी संसार पणाला लावला, ते एका बाईनं सांभाळलं.

मुंबईतल्या त्या गिरण्या आता राहिल्या नाहीत. १९८२ च्या संपानंतर एकेक करून बहुतेक बंद पडल्या, तिथं टोलेजंग इमारती आल्या. परळला कामगारांचा अभ्यास शिकवणारी सरकारी संस्था मात्र नारायणरावांच्या नावानं उभी आहे. आणि २००५ मध्ये भारताच्या टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. ज्या खात्यात साधी नोकरी केली, त्याच खात्याच्या पाकिटावर बसून नारायणराव गावोगाव गेले!

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या रविवारी पहाटे नेहमीसारखी घाई सुरू झाली की महालक्ष्मीच्या मैदानातल्या त्या दोघींना एकदा आठवा. त्यांनी सुट्टी मागितली ती नवऱ्यासाठी किंवा मुलांसाठी नव्हे, स्वतःसाठी. गिरणीनं ती दिली, कायद्यानं ती दिली, आपल्या स्वयंपाकघरानं मात्र अजून दिलेली नाही. त्यासाठी आपल्याला मैदानात सभा घ्यायची गरज नाही. सकाळचा चहा त्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी करावा, एवढं घरात मोकळेपणानं म्हणता आलं तरी सुरुवात झाली. नारायणरावांनीही दुपारच्या अर्ध्या तासापासूनच सुरुवात केली होती.